पंप चालू राहिला पाहिजे: आमच्या इमारतीसाठी केबल निवडताना

आमच्या सोसायटीच्या डक्टमधल्या जुन्या वायरी बदलायचं ठरलं, त्या सभेत पहिला प्रश्न आला तो कंपनीचा. "कुठल्या कंपनीची घ्यायची?" आणि त्याच्या पाठोपाठ, "मीटरला काय भाव पडेल?" मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगरसायनांच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स बघते, सुपरवायझरचं लायसन्स आहे, त्यामुळे दोन्ही प्रश्न आपसूक माझ्याकडे वळले. मी म्हटलं, आधी एक यादी करू या. आग लागली तर इमारतीतली कुठली वीज बंद पडली तरी चालेल आणि कुठली अजिबात बंद पडता कामा नये, याची यादी. कंपनी आणि भाव त्यानंतर.

डोंबिवलीतली आमची इमारत स्टिल्ट अधिक अकरा मजल्यांची आहे, मजल्याला चार घरं. मीटर रूम खाली. तिथून प्रत्येक घराची वायर जिन्याला लागून असलेल्या डक्टमधून वर जाते. म्हणजे तळाशी चव्वेचाळीस घरांच्या वायरींचा एक जाडजूड जुडगा आणि वर जाता जाता तो पातळ होत गेलेला. इमारत बांधली तेव्हा घरात पंखे, फ्रिज आणि एखादा गीझर एवढाच लोड असायचा. आता घरटी दोन-दोन, तीन-तीन एसी आहेत आणि वायर तीच, चार स्क्वेअरची, म्हणजे चार चौरस मिलिमीटर तांब्याची. पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावर या जुडग्यातला एक जोड तापून जळाला. ज्वाळा वीतभर होत्या, वॉचमनने मेन पाडला आणि पावडरच्या सिलिंडरने त्या विझवल्याही. पण तोवर धूर जिन्यात शिरला होता. जिना हा एकच, आणि डक्टचं दार त्याच जिन्यात उघडतं. नवव्या मजल्यावरच्या आजींना खाली आणता येईना, कारण सातव्याच्या खाली हाताला हात दिसत नव्हता. त्यांना परत घरात नेऊन गॅलरीत बसवलं, दाराखालच्या फटीत ओले टॉवेल लावले. कुणाला इजा झाली नाही.

दोन दिवसांनी दिवसाउजेडी मी आणि आमचे वायरमन काका डक्ट बघायला उभे राहिलो. जळालेला भाग पुरता हातभर नव्हता. पण त्याच्या वर दोन मजल्यांपर्यंत भिंतीला चिकट काजळी होती, दाराच्या बिजागऱ्यांवर ताजा तांबूस गंज फुटला होता आणि शेजारच्या बॉक्समधल्या, आगीपासून लांब असलेल्या तांब्याच्या पट्ट्या हिरवट पडल्या होत्या. काका म्हणाले, "ताई, पाणी तर कुठंच गेलेलं नाही, मग हा गंज कसला?" हा गंज आम्लाचा. पीव्हीसीमध्ये क्लोरीन असतो. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराईड वायू सुटतो, आणि पावसाळी हवेतल्या ओलाव्यात त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. तेच डोळ्यांत, घशात आणि फुप्फुसातही होतं. माणूस आधी डोळे मिटतो, मग वाट चुकतो. आगीत माणसं भाजून मरतात त्याहून जास्त गुदमरून मरतात, हे आम्हाला कारखान्याच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात. ते माझ्या स्वतःच्या जिन्यात मी त्या दिवशी बघितलं.

म्हणून कारखान्यात हॉट वर्क परमिट काढून, मोकळ्या आवारात, फायरच्या माणसाला शेजारी उभं करून मी वायरींचे तीन तुकडे जाळून बघितले आणि कमिटीला दाखवायला व्हिडिओ काढला. (घरी किंवा गच्चीत हे कुणी करू नये.) पहिला तुकडा साध्या पीव्हीसीचा, दुसरा एफआरएलएसचा, म्हणजे आग सहज न पसरणारा आणि धूर कमी करणारा, आणि तिसरा हॅलोजनमुक्त आवरणाचा, म्हणजे क्लोरीनसारखी मूलद्रव्यं नसलेला, ज्याला बाजारात कुणी झेडएचएफआर म्हणतं, कुणी एलएसझेडएच. बर्नर काढल्यावर तिन्ही तुकडे थोड्या वेळात विझले. त्या बाबतीत साधं पीव्हीसीही फार वाईट नाही. फरक होता धुरात. पहिल्याचा धूर काळा, दोऱ्यासारखा वर चढणारा आणि वाऱ्याने आमच्याकडे वळताच सगळ्यांना मागे सरकवणारा. दुसऱ्याचा कमी, पण वास तोच. ओला लिटमस कागद दोघांच्याही धुरात क्षणात लाल झाला. तिसऱ्याचा धूर पांढुरका, विरळ, पलीकडची भिंत दिसू देणारा. कागद निळाच राहिला आणि वायरवर राखेचं पांढरं, कडक कवच उरलं. त्या आवरणात ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेट नावाची खनिज भुकटी भरलेली असते. साधारण २०० अंशांवर तिच्यातलं बांधलेलं पाणी वाफ होऊन निघतं, ते उष्णता खातं आणि मागे ते कवच राहतं.

व्हिडिओ बघून खजिनदार काका म्हणाले, "मग सगळीकडे हीच तिसरी लावून टाका, विषय संपला." विषय संपत नव्हता. या तिन्ही तुकड्यांमधून, आग सुरू असताना, वीज पुढे गेली असती का? नाही. तिन्हींचं इन्सुलेशन जळालं असतं, तांब्याला तांबं लागलं असतं आणि ब्रेकर पडला असता. आग पसरू न देणारी केबल एक आणि आगीत राहूनही वीज पोचवणारी केबल दुसरी. माझ्या अनुभवात निम्मी कोटेशनं इथेच गोंधळलेली असतात, आणि हा गोंधळ फायर पंपाच्या बाबतीत झाला तर त्याची किंमत माणसांनी मोजायची असते.

आता ती यादी. आम्ही एका रविवारी क्लब हाउसमध्ये बसून केली. घरात जाणारी वीज आगीत बंद पडली तरी चालेल. उलट अग्निशमन दलाचे जवान आले की सगळ्यात आधी तीच पाडायला लावतात. तिथे आमची अट एवढीच की वायर धुमसली तर जिन्यात विषारी धूर भरता कामा नये आणि एका वायरीची आग जुडग्यातून मजल्यावर मजले चढता कामा नये. दुसऱ्या बाजूला फायर पंप, गच्चीवरचा बूस्टर पंप, जिन्यातले आणि पॅसेजमधले दिवे, अलार्मचं पॅनेल आणि जवानांनी वापरायची लिफ्ट. हे सगळं आगीतच चालायचं आहे. एरवी वर्षभर ते बंद राहिलं तरी कुणाचं अडत नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या, म्हणजे एनबीसी २०१६ च्या, चौथ्या भागातही हेच सांगितलंय: पंप, लिफ्ट, जिन्याचे दिवे यांची सर्किटं थेट मुख्य पॅनेलमधून, स्वतंत्र निघाली पाहिजेत आणि स्वतंत्र पाइपातून गेली पाहिजेत, म्हणजे एका सर्किटची आग दुसऱ्याला बाधणार नाही. आमच्याकडे गच्चीवरच्या बूस्टर पंपाची केबल त्याच जुडग्यात, घरांच्या वायरींना प्लॅस्टिकच्या टायने बांधलेली होती. त्या दिवशी आग जरा मोठी असती तर सगळ्यात आधी गच्चीवरचा पंपच गेला असता.

यादी झाल्यावर कोटेशनं मागवली. एकाने फायर पंपासमोर नुसतं "एफआर केबल" लिहिलं होतं. एफआर म्हणजे आग सहज पसरू न देणारी, एवढंच. मी फोन केला.

"एफआर म्हणजे नेमकी कुठली देताय?"

"मॅडम, एफआर म्हणजे आगीला टिकणारीच."

"टिकणारी म्हणजे आगीत किती वेळ चालू राहणारी? कुठल्या टेस्टला?"

"कंपनीला विचारून सांगतो."

त्याचा फोन परत आला नाही. दुसऱ्याने आयएस ६९४ या भारतीय मानकाची एफआर वायर दाखवली. चांगली वायर आहे, घरात बिनदिक्कत वापरावी, पण ते पीव्हीसीचं मानक आहे आणि आगीत वीज चालू ठेवण्याचं वचन त्यात कुठेच नाही. तिसऱ्या ठेकेदाराने प्रत्येक ओळीसमोर मानकाचा क्रमांक लिहून पाठवला होता: घरांच्या वायरींना आयएस १७०४८, हे हॅलोजनमुक्त वायरींचं मानक, आणि पंपाला आयएस १७५०५, हे फायर सर्व्हायव्हल, म्हणजे आगीतही वीज चालू ठेवणाऱ्या, केबलचं. भावात तो सगळ्यांत स्वस्त नव्हता. तरी बोलणी त्याच्याशीच पुढे नेली, कारण काय विकतोय हे त्याला माहीत होतं.

एफआरएलएसच्या कागदावरचे दोन आकडे सभेत समजावून सांगताना उपयोगी पडले. ऑक्सिजन इंडेक्स किमान २९, म्हणजे आवरण जळत राहायला हवेत निदान २९ टक्के ऑक्सिजन लागेल. आपल्या हवेत तो २१ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून ज्योत काढली की ते विझतं. दुसरा आकडा ॲसिड गॅसचा: एफआरएलएसला वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत मुभा असते, हॅलोजनमुक्त मालाला अर्ध्या टक्क्याची. हा दुसरा आकडा ऐकल्यावर डक्टसाठी कुठली वायर, यावर वाद उरला नाही. जिना एक आणि डक्ट त्याच जिन्यात, मग अर्धा टक्काच. मोकळ्या हवेत, कंपाउंडच्या भिंतीवरून जाणाऱ्या बागेच्या दिव्यांच्या केबलला मात्र मी एफआरएलएसच ठेवली. तिथे धूर कोंडणार नाही आणि हॅलोजनमुक्त आवरण पाण्याला आणि ओरखड्यांना तुलनेने हळवं असतं. महाग ते सगळीकडे चांगलं असं नाही.

आणखी एक चौकशी आवर्जून केली. एक सुटी वायर ज्योतीवर धरली आणि ती विझली, यावरून जुडग्याचं काही सिद्ध होत नाही. चव्वेचाळीस वायरी एकत्र असल्या की एकीची उष्णता दुसरीला पेटवत जाते आणि उभा डक्ट चिमणीसारखा ओढतो. म्हणून टेस्ट रिपोर्टमध्ये जुडग्याची, उभ्या शिडीवर बांधून केलेली चाचणी, म्हणजे आयईसी ६०३३२ या आंतरराष्ट्रीय मानकाचा तिसरा भाग, आहे का ते बघावं. पुष्कळ कागदांवर पहिलाच भाग असतो.

फायर पंपाच्या केबलवर मी सगळ्यांत जास्त वेळ दिला. मीटर रूमपासून पंप रूमपर्यंतची वाट स्टिल्टच्या पार्किंगच्या छताखालून जाते. खाली गाड्या, स्कूटर, कुणाचं जुनं फर्निचर. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गोरेगावात लागलेली आग पार्किंगमध्ये साठवलेल्या सामानातूनच भडकली होती आणि धूर जिन्याने वर चढला होता. म्हणजे आमच्याकडे आग लागली तर ती नेमकी पंपाच्या केबलखाली लागण्याचीच शक्यता जास्त. फायर सर्व्हायव्हल केबलमध्ये तांब्यावर आधी अभ्रकाच्या टेपचे वेढे असतात, त्यावर इन्सुलेशन, त्यावर हॅलोजनमुक्त आवरण. वरचं सगळं जळून राख झालं तरी अभ्रक तांब्याला तांब्यापासून वेगळं ठेवतं. सॅम्पल सोलताना काकांच्या बोटांना चकचकीत कपच्या लागल्या. "हा तर अभ्रक, ताई! शाळेत दाखवायचे तो." तोच. झारखंडातल्या कोडरम्याचा अभ्रक एके काळी जगभर जायचा तो विजेच्या सामानासाठीच.

ब्रिटिश मानक बीएस ६३८७ मध्ये या केबलला सी, डब्ल्यू आणि झेड अशी अक्षरं मिळतात. सी म्हणजे ९५० अंशांत तीन तास. डब्ल्यू म्हणजे ६५० अंशांत पंधरा मिनिटं आणि मग तशाच आगीत पाण्याचा फवारा मारत आणखी पंधरा मिनिटं. झेड म्हणजे ९५० अंशांत पंधरा मिनिटं हातोड्यासारखे धक्के. विक्रेते "सीडब्ल्यूझेड" असं एका दमात म्हणतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की एकाच तुकड्याने हे सगळं ओळीने सोसलं. तसं नाही, तिन्ही चाचण्या वेगवेगळ्या तुकड्यांवर होतात. खऱ्या आगीत मात्र एकाच केबलवर ज्वाळा, पडणारं प्लास्टर आणि जवानांच्या होजचं पाणी एकदम येतं. मोठ्या केबलसाठी बीएस ८४९१ आहे, त्यात आग, धक्का आणि पाण्याचा मारा एकाच तुकड्यावर होतो आणि ३०, ६० किंवा १२० मिनिटांचा दर्जा मिळतो. आम्ही १२० मिनिटांचा मागितला. निर्मात्याच्या प्रतिनिधीने "मॅडम, सोसायट्या एवढं कुणी मागत नाही" असं म्हटलं, पण रिपोर्ट आणून दिला.

आता साइझ. नेहमीच्या तक्त्यावरून मोटरच्या अँपियरला जी केबल बसत होती, ती मी एक पायरी वर नेली. कारण तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. खोलीच्या तापमानापासून ९५० अंशांपर्यंत गेलं तर तो साडेचार पटींच्या आसपास जातो. केबलचा पार्किंगवरचा तुकडा आगीत सापडला असं धरून मी व्होल्टेज ड्रॉपचा हिशोब पुन्हा मांडला. नेहमीच्या साइझवर चालू असलेला पंप चालत राहिला असता, पण बंद असलेला पंप त्याच वेळी सुरू करायला गेलो तर स्टार्टिंगच्या करंटला मोटरच्या टोकाशी व्होल्टेज फार पडत होतं. केबल धडधाकट आणि मोटर नुसतीच घुरघुरतेय, असं होऊन चालणार नव्हतं. हा हिशोब अर्ध्या पानाचा आहे. कन्सल्टंटकडून तो लेखी मागावा.

शिवाय पंपाची लाइन इमारतीच्या मेन स्विचच्या आधी घेतली. जवानांनी मेन पाडला की पंपही पडला, असं असेल तर १२० मिनिटांची केबल काय कामाची? लायसन्सधारक ठेकेदाराकडून, महावितरणची रीतसर परवानगी घेऊन, पंपाचा वेगळा स्विच बसवला आणि त्यावर लाल अक्षरांत मराठीत लिहिलं: आगीत हा बंद करू नये.

माल आल्यावर तपासणी. वायरीवरचा आयएसआय मार्क आणि लायसन्स क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघितला. त्याला एक मिनिट लागतं आणि तरी फार थोडे लोक बघतात. मग कॉइलचा रेझिस्टन्स. अडीच स्क्वेअरच्या लवचिक तांब्याच्या वायरीचा २० अंशांना किलोमीटरला जास्तीत जास्त ७.९८ ओम हवा. म्हणजे ९० मीटरच्या कॉइलला ०.७२ ओम, आपल्याकडच्या ३० अंशांना ०.७५. आमच्या मालाने हा आकडा गाठला. काकांनी त्यांच्या दुसऱ्या कामावरची, स्थानिक दुकानातून घेतलेली एक कॉइल मुद्दाम आणली होती, तिने ०.९ च्या वर दाखवलं. वर छापलंय अडीच स्क्वेअर, आत तांबं दोनच्या आसपास. अशी वायर एसीच्या लोडला तापते आणि तिच्यावर एफआर लिहिलेलं असो नाहीतर आणखी काही, आगीची सुरुवात तिथूनच होते. काकांनी ती कॉइल दुकानात परत केली.

वायर उत्तम आणि जोड वाईट, तर सगळं फुकट. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये ५९ माणसं गेली. त्या दिवशी सकाळी ट्रान्सफॉर्मरच्या केबलचं लग, म्हणजे टोकाला बसवायचा धातूचा तुकडा, दाबून घट्ट करणारं क्रिम्पिंग मशिन न वापरता हातोडीने ठोकून बसवलं होतं. संध्याकाळपर्यंत तो जोड सुटला, ठिणग्या उडाल्या, रेडिएटरला भोक पडून तेल पेटलं आणि धूर बाल्कनीत चढला. एका लगची ही गोष्ट मी आमच्या ठेकेदाराच्या पोरांना काम सुरू व्हायच्या आधी सांगितली. हायड्रॉलिक क्रिम्पिंग मशिन साइटवर दिसेपर्यंत एकही लग लावू दिलं नाही. डक्टमध्ये मधे जोड नको, मीटरपासून घरापर्यंत अखंड वायर, हीही अट घातली. त्यात वायर जास्त लागली, तुकडे वाया गेले. जाऊ देत.

क्लॅम्पवरून मात्र थोडा वाद झाला. पंपाची केबल छताखाली प्लॅस्टिकच्या टायने बांधायला घेतली होती. मी थांबवलं. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, केबल १२० मिनिटांची आहे ना, मग टायने काय होतंय?" टाय एका मिनिटात वितळते आणि केबल लोंबकळते. २०१० मध्ये इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या शर्ली टॉवर्स इमारतीत दोन जवान गेले. प्लॅस्टिकचे आधार वितळल्यावर खाली आलेल्या वायरींनी त्यांची वाट अडवली होती. त्यानंतर ब्रिटनच्या वायरिंगच्या नियमांत सुटकेच्या वाटेवर, आणि २०१८ पासून सगळीकडेच, आगीत लवकर न ढासळणारे आधार सक्तीचे झाले. आम्ही स्टीलचे क्लॅम्प आणि स्टीलचेच अँकर लावले, प्लॅस्टिकचे गिट्टे नाहीत. केबल जिथे स्विचमध्ये शिरते तो बॉक्सही धातूचा आणि ग्लँडही धातूची. जिन्याच्या दिव्यांच्या लाइनवर तर जंक्शन बॉक्सच्या आतला कनेक्टरसुद्धा सिरॅमिकचा घेतला.

राहिली भोकं. डक्टमध्ये प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला एक फूटभर रुंद भोक होतं, तळापासून गच्चीपर्यंत आरपार. एनबीसी सांगते की केबलचा शाफ्ट प्रत्येक मजल्यावर बंद हवा आणि तो बंद करणारा माल स्लॅबइतकाच आगीला टिकणारा हवा. आमच्या बिल्डरने ती भोकं तशीच सोडली होती आणि इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ठेकेदाराच्या माणसाने पहिल्या मजल्यावर फोम मारायला घेतला, दरवाजाच्या चौकटीत मारतात तो पिवळा. तो जळतो. १९७५ मध्ये अमेरिकेत अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात केबलच्या भोकात भरलेल्या अशाच पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला होता; हवा गळतेय का ते कामगार मेणबत्तीच्या ज्योतीने बघत होते. सोळाशेहून जास्त केबल जळाल्या आणि त्यात सुरक्षेच्या यंत्रणांच्याही होत्या, कारण त्या त्याच वाटेने जात होत्या. आम्ही फोम खरवडून काढायला लावला आणि रॉकवूलच्या पाट्या, त्यावर फायर सीलंट, असं प्रत्येक मजल्यावर भरून घेतलं. सगळ्या कामात सगळ्यांत स्वस्त काम हे होतं. आधी केलेलं असतं तर पावसाळ्यातला धूर तिसऱ्या मजल्यावरच अडला असता. केबलला पैसे पुरत नसतील तर माझा सल्ला असा की निदान भोकं तरी या महिन्यात बुजवून घ्या.

खर्चाचं सांगायचं तर फायर सर्व्हायव्हल केबल साध्या आर्मर्ड केबलच्या काही पट महाग पडते, हे खरं. पण ती लागते किती? पार्किंगखालून पंपापर्यंत, गच्चीवरच्या बूस्टरपर्यंत, अलार्म आणि जिन्यातल्या दिव्यांच्या लाइनला आणि एका लिफ्टला. यादी आधी केली होती म्हणून ती एवढ्यावर थांबली. एका ठेकेदाराने अख्खी इमारत महागड्या केबलने लिहून आणली होती आणि दुसऱ्याने पंपासकट सगळी साधी. दोघांनीही यादी केलेली नव्हती.

कारखान्यात ही यादी थोडी वेगळी पडते, तेही सांगते, कारण लहान युनिटवाले मला हे हमखास विचारतात. तिथे मी प्रत्येक उपकरणाला विचारते: तुझी वीज गेली तर तू सुरक्षित बाजूला जातोस की धोक्याच्या? सॉल्व्हंटच्या लाइनवरचा आमचा शटऑफ व्हॉल्व्ह वीज गेली की स्प्रिंगने आपोआप बंद होतो. त्याच्या केबलला आगीत टिकायची गरज नाही. ती जळाली तर व्हॉल्व्ह बंदच होणार, आणि तेच हवंय. उलट टाकीवर पाणी सोडणारा डेल्यूज व्हॉल्व्ह वीज मिळाल्यावरच उघडतो. तिथे साधी केबल लावणं म्हणजे पाणी असून टाकी जळू देणं. एकाच टाकीच्या दोन व्हॉल्व्हना दोन जातीच्या केबल आहेत, आणि ऑडिटला येणारे दर वेळी विचारतात की असं का. शिवाय सॉल्व्हंट आणि तेल गळतं तिथे साधं हॅलोजनमुक्त आवरण फुगतं, मऊ पडतं. त्यासाठी तेलाला टिकणारं खास आवरण मागवावं लागतं. इमारतीत चालली ती केबल उचलून प्लांटमध्ये टाकता येत नाही.

काम पूर्ण झाल्यावर मेगर घेतला, म्हणजे इन्सुलेशन मीटरने तपासलं, मेन पाडून पंप चालवून बघितला, मग जनरेटरवर चालवला. गच्चीवर होज उघडून पाणी किती दाबाने येतं ते चेअरमन काकांनी स्वतः हातात नोझल धरून बघितलं. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंध कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत लायसन्सधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. यापुढे त्याच दिवशी डक्टची दारं उघडून प्रत्येक मजल्याचं सील बघायचं, असा ठराव केला. सर्किटचा नकाशा आणि केबलचे टेस्ट रिपोर्ट मीटर रूममध्ये फाइल करून ठेवले.

ठरावात शेवटचं कलम घातलं ते इंटरनेटवाल्यांसाठी. दर दोन महिन्यांनी कुणीतरी नवीन फायबर घ्यायला येतो, सील फोडतो, वायर टाकतो आणि जातो. आता डक्टची किल्ली सेक्रेटरी ताईंकडे असते. काम झाल्यावर सील परत भरून फोटो दाखवल्याशिवाय अनामत परत मिळत नाही. गेल्या आठवड्यात पाचव्या मजल्यावर एकाने फोटो दाखवला. सीलंटऐवजी पांढरं सिमेंट थापलं होतं. त्याला परत बोलावलंय.